खरी गोम पायांतच आहे!

‘गोमेचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही,’ असे आपण सहज म्हणून जातो. पण ते पाय मोजण्याची तसदी कोण घेतो? आमच्या धसईच्या शिवारात पावसाळ्यात बांधावरची ओली माती उकरली, की दोऱ्यासारखी बारीक, पिवळसर गोम वळवळत बाहेर येते. दिसली की ठेचायची, एवढीच तिची नि आमची ओळख!

पंडितांनाही ती चटकन ओळखता आली नाही. १७५८ साली स्वीडनच्या लिनीअसने प्राणिसृष्टीची मांडणी केली, तेव्हा गोम, वाणी, कोळी, विंचू, फार काय खेकडाही ‘बिनपंखी कीटक’ म्हणून एकाच दावणीला बांधला. १८०२ मध्ये फ्रान्सच्या लात्रेईने बहुपादांचा गट निराळा केला. १८१४ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीच याने मातीतल्या गोमेला ‘जिओफिलस’, म्हणजे भूमिप्रिय, असे गोड नाव दिले. १८४३ मध्ये न्यूपोर्टने लांबट डोक्याच्या गोमांची ‘मेसिस्टोसेफॅलस’ ही प्रजाती वेगळी काढली. आपल्याकडील भूमिप्रिय गोमांवर इटलीच्या सिल्व्हेस्त्रींचा मोठा निबंध कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात १९१९ साली आला, आणि २००४ मध्ये बोनातो व मिनेल्ली यांनी भारतीय द्वीपकल्पातील लांबडोक्या गोमांची पुन्हा छाननी केली.

एवढा खटाटोप कशासाठी? तर अडगळीत दडणारी, कडकडून चावणारी मोठी गोम वेगळी. तिला डोळे असतात आणि पायांच्या जोड्या बहुधा २१. मातीतली गोम जन्मांध. तिच्या जोड्या २७ पासून १९१ पर्यंत. पण संख्या नेहमी विषम! लांबडोक्या गोमांत बहुधा ४९ जोड्या, म्हणजे ९८ पाय. पुढची पायरी ५१ जोड्यांची, म्हणजे १०२ पाय. ‘शतपद’ म्हणवणाऱ्या या प्राण्याला नेमके शंभर पाय काही लाभत नाहीत!

आणखी एक नवल. हिची पिले सगळे पाय घेऊनच जन्मतात, आणि तोवर आई अंड्यांभोवती वेटोळे घालून राखण करीत बसते. मातीतले बारीक किडे हे तिचे भक्ष्य. माणसाच्या वाटेला ती जात नाही.

नावे वेगळी झाली, की एकीचा गुन्हा दुसरीच्या माथी येत नाही. अडगळीतली गोम चावली, म्हणून बांधावरच्या या आंधळ्या आईला आपण का ठेचावे?