सायकस : नामभ्रांतीचा इतिहास

कोल्हापुरातील बागांतून दिसणारे ठेंगणे, सदाहरित सायकस रोपवाटिकांत बहुधा ‘सागो पाम’ या नावाने विकले जाते. या नावातील दोन्ही पदे दिशाभूल करणारी आहेत. सायकस हा ताडकुलातील वृक्ष नव्हे. ती फळाच्या आवरणावाचून बी धारण करणारी, म्हणजे अनावृत्तबीजी वनस्पती होय. ‘सागू’ हा मूळचा मलायी शब्द. मेट्रोझायलॉन या खऱ्या ताडाच्या खोडातील पिठाचा तो वाचक आहे. महाराष्ट्रात उपवासाला चालणारा साबुदाणा तर या दोहोंपासून नव्हे, टॅपिओकाच्या कंदापासून होतो.

ही भ्रांती जुनी आहे. इ. स. पू. चौथ्या शतकात थिओफ्रास्टसने एका ताडास ‘कोइकस’ म्हटले. लेखनिकांच्या हातून त्याचे ‘कुकस’ झाले आणि लिनीयसने १७५३ मध्ये तोच अपपाठ या प्रजातीस नाव म्हणून दिला. ‘झेमिया’ हे आप्त प्रजातीचे नावही प्लिनीच्या ग्रंथातील अपपाठातूनच आले. मलबारातील सायकसचे वर्णन व्हान ऱ्हीडच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ (१६७८–१६९३) या ग्रंथात ‘तोड्ड पन्ना’ या नावाखाली आले. या ग्रंथाच्या कामी रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे कोकणी वैद्य साहाय्यक होते. त्यांचे १६७५ चे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. मात्र मल्याळम् ‘पन’ म्हणजेही ताडच!

म्हणून ओळख नावावरून न करता पानावरून करावी. जपानकडील सायकस रेव्होल्यूटाच्या अरुंद, टोकदार पर्णिकेस एकच मध्यशीर असते व तिच्या कडा खाली वळलेल्या असतात. कोवळ्या पर्णिका नेच्याप्रमाणे गुंडाळलेल्या दिसतात. मेक्सिकोतील झेमिया फर्फ्यूरेशियाच्या पर्णिका रुंद, जाड व लवदार असून त्यांत मध्यशीर नसते. दोहोंतही नर व मादी झाडे भिन्न असतात.

लागवडीत निचरा हेच मुख्य पथ्य होय. पंचगंगाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून खोड कुजते. म्हणून वाळू व मुरूम मिसळून वाफा उंच करावा. बुंध्यालगतची पिले काढल्यावर जखम सुकू देऊन मगच ती लावावीत.

नामभ्रांतीचा प्रश्न केवळ शब्दशास्त्राचा नाही. सायकसच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, सायकेसिन हे यकृतास घातक विष असते. ‘सागो’ या शब्दाने जे खाद्य सुचते, ते या झाडात धुऊन, आंबवून विष काढल्यावाचून मिळत नाही. मुले व पाळीव कुत्री यांच्या आवाक्यात त्याच्या बिया राहू देऊ नयेत. चुकीचे नाव शतकानुशतके टिकू शकते. त्याची किंमत मात्र त्यावर विश्वासणाऱ्याला द्यावी लागते.