पहिलटकरणीचं माहेर कोण?

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली जुनी रीत. डोहाळजेवण, मग माहेर, डिंकाचे-अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, सव्वा महिना आराम. यात लाड होतेच, पण मुळात ही कामातून सुटका होती. सासरच्या चुलीपासून आणि विहिरीपासून पोरीला दोन-तीन महिने हक्काने बाहेर काढायचं, तर रीतच लागायची.

पण जिचं माहेरच हातावर पोट असलेलं, तिचं काय? गिरणी-कारखान्यांतल्या बायका दिवस भरेपर्यंत यंत्रापुढे उभ्या राहायच्या, कारण सुट्टी घेतली की मजुरी बुडायची. १९२८ साली हा विषय मुंबईच्या कायदेमंडळात आला. सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बाजू मांडली, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्याच हिताचं आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला, देशातला असा पहिला. पैसे मालकाने द्यायचे. पण तो कारखान्यांपुरता. शेतमजूर बाई त्यात नव्हतीच.

तिकडे फिनलंडही तेव्हा गरीबच. १९३० च्या दशकात तिथे हजारातली ६५ च्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावायची. १९३८ पासून सरकार गरीब आयांना एक खोका देऊ लागलं. आत बाळाचे कपडे, दुपटी. रिकामा खोका बाळाला झोपवायच्या कामी यायचा. १९४९ पासून तो सगळ्यांना मिळू लागला. अट एकच, चौथा महिना संपायच्या आत तपासणी. खोक्याच्या निमित्ताने बाई वेळेत दवाखान्यात पोचली. आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच खोका, मग घ्यायला लाज कसली?

आपल्याकडे २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५००० रुपये, हप्त्याने, नोंदणी आणि तपासणी झाल्यावर. अट चांगलीच आहे. पण आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या निघतात तेव्हा त्यात गरोदर पोरीही असतात, हे बातमीदारी करताना मी दर हंगामात बघतो. नाव गावच्या अंगणवाडीत, आणि ती फडावर. तपासणीची तारीख येते तेव्हा ती डोक्यावर मोळी घेऊन चाललेली असते.

रीत माहेरापर्यंत चालली, कायदा कारखान्याच्या दारापर्यंत गेला. फडापर्यंत कोण जाणार? यंदा टोळ्या निघायच्या आधी ग्रामसभेत एवढं तरी विचारा: गावातून किती गरोदर बाया चालल्यात, आणि तिकडच्या आशाताईला त्यांची नावं कोण कळवणार?