गाठीचा टणकपणा हे केवळ लक्षण नव्हे

कर्करोग हा जनुकांचा आजार आहे, हे मत आता इतके रुळले आहे की त्याला पुरवणी जोडू पाहणाऱ्यालाही विज्ञानविरोधी ठरवले जाते. या पूर्वपक्षाची बाजू दुबळी नाही. डीएनएमध्ये बदल साचतात, वाढीला लगाम घालणारी जनुके निकामी होतात, वाढ चेतवणारी मोकाट सुटतात आणि पेशी अनिर्बंध विभागू लागते. याच समजुतीतून इमॅटिनिब हे औषध २००१ साली रुग्णांपर्यंत पोहोचले आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झालेल्यांचे आयुष्य पालटले. मग घट्ट गाठींचे काय? पूर्वपक्षाचे उत्तर असे की पेशी दाटतात, भोवती तंतू साचतात, म्हणून गाठ हाताला टणक लागते. टणकपणा हा परिणाम आहे, कारण नव्हे.

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

व्हॅलेरी वीव्हर यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. निरोगी स्तनग्रंथी फार मऊ असते, तिचा कडकपणा दीडशे-दोनशे पास्कलच्या आसपास. गाठीचा चार हजारांच्या घरात जातो. या गटाने कर्करोग नसलेल्या स्तनपेशी कमी-अधिक कडक जेलवर वाढवल्या. मऊ जेलवर पेशींनी आतून पोकळ, गोल रचना उभी केली, ग्रंथीत असते तशी. कडक जेलवर त्याच पेशींना आतली बाजू कोणती नि बाहेरची कोणती याचे भान उरले नाही. पोकळी भरून गेली, कडा विस्कटल्या. जनुकांना कोणी हात लावला नव्हता, बदलला होता तो आधाराचा कडकपणा. याला कर्करोग म्हणता येणार नाही, पण त्याच्या वाटेवरची ही पहिली घडामोड नक्कीच आहे. पेशी इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी भोवतालचे तंतू धरून ओढत असते. तंतू दाद देईनात की तिच्या आतला ताण वाढतो आणि वाढीचे संदेश जोर धरतात.

जेल म्हणजे शरीर नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्याला २००९ साली उंदरांवरील प्रयोगाने उत्तर दिले. कोलॅजनचे धागे एकमेकांना सांधणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर रोखले, तेव्हा स्तनाची ऊती मऊ राहिली आणि गाठींची वाढ लांबली. टणकपणा निव्वळ परिणाम असता, तर तो कमी केल्याने आजार मंदावायला नको होता.

पूर्वपक्ष यावर म्हणेल की मुळात बिघडलेले जनुक हवेच. हवेच, पण ते पुरेसे नाही. मध्यमवयीन, निरोगी माणसांच्या पापण्यांच्या त्वचेची तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या सुमारे चतुर्थांश पेशींत कर्करोगाशी जोडलेले बदल आढळले आणि तरीही ती त्वचा आपले काम नीट करत होती. अशा पेशींना ताळ्यावर ठेवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत, ऊतीची घडण ही त्यांतली एक. मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवले की कर्करोगग्रस्त स्तनपेशींची इंटिग्रिनची पकड प्रतिपिंडाने सैल केली, तर त्या पुन्हा शिस्तीत रचना करू लागतात. त्यांचे बिघडलेले जनुक होते तसेच होते.

शिवाय कारणांची साखळी उलट दिशेनेही चालते. पसरणारी पेशी अरुंद फटीतून घुसते तेव्हा तिचे केंद्रक चेपते, कधी फाटते, आणि डीएनए तुटतो. २०१६ साली दोन स्वतंत्र गटांनी हे दाखवले. म्हणजे नवे जनुकीय बदल घडवण्यातही यांत्रिक बळाचा हात असू शकतो.

सर्वांत कठीण आक्षेप औषधांचा आहे. स्वादुपिंडाच्या गाठीभोवतीचे तंतुमय आवरण घटवू पाहणारी औषधे रुग्णांवर अपयशी ठरली. २०१४ साली उंदरांत तर आवरण हटवल्यावर गाठी अधिक आक्रमक झाल्या. हे मी टाळत नाही. पण यातून बळे निष्प्रभ आहेत असे निघत नाही. तेच आवरण गाठीला आवळून धरते आणि रक्तवाहिन्या चेपून औषधाची वाटही अडवते. राकेश जैन यांच्या गटाने १९९७ मध्येच दाखवले होते की बाहेरचा दाब पेशीगोलकांची वाढ रोखतो. तेव्हा आवरण सरसकट हटवणे चुकीचे. कुठला ताण कमी करायचा आणि कुठला राखायचा, हे आधी ठरवावे लागेल.

ठरवायचे तर मोजावे लागेल, आणि जनुकवादी मत इतके बळकट होण्याचे एक कारण मला इथे दिसते. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये जाते. फॉर्मॅलिन प्रथिने सांधते आणि तुकडा कडक होतो. कित्येक वर्षांनंतरही त्यातून डीएनए वाचता येतो, पण ती ऊती शरीरात किती ताणलेली, किती चेपलेली होती याची नोंद कायमची जाते. जे टिकले त्याचाच अभ्यास झाला. यकृताचा कडकपणा मात्र आज फायब्रोस्कॅनने बाहेरूनच किलोपास्कलमध्ये मोजतात, आणि तो जितका जास्त तितका यकृताच्या कर्करोगाचा धोका अधिक, हे दिसून आले आहे. स्तनासाठीही ऊतीचा कडकपणा बाहेरून मोजणारी इलास्टोग्राफी उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा हा आकडा जनुकीय अहवालाशेजारी नोंदवायला सुरुवात व्हावी, एवढी माझी मागणी आहे.