काळी आणि पांढरी : पवनाकाठच्या मातीचा इतिहास

मराठी अमदानीतील गावकीच्या कागदपत्रांत गावाची भूमी दोन शब्दांत सांगितलेली आढळते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे वहितीची जमीन. पांढरी म्हणजे घरे वसली ती जागा. मोल्सवर्थच्या कोशातही हे अर्थ नोंदलेले आहेत. वरवर ही रंगाची नावे दिसतात. वस्तुतः गाव आणि शेत यांच्यामधील देवघेव त्यांत साठविलेली आहे.

पांढरीस तो रंग येतो तो राखेमुळे आणि चुन्यामुळे. चुलीतील राख, शेण, हाडे, पडक्या भिंतींची माती ही एकाच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या साचत गेली म्हणजे तेथील मातीत स्फुरदाचा अंश वाढतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत ओल धरण्याची शक्ती भरपूर, पण सेंद्रिय द्रव्य व नत्र बेताचेच. म्हणून ओसाड गावठाणांची माती गाड्या भरून शेतात नेण्याची चाल पडली. पुराणवस्तुसंशोधकांस पांढरीच्या टेकाडांची ही मोडतोड खुपते व ते रास्तच आहे. तथापि काळीतून जे आले ते काळीस परत करावे, हा शेतकऱ्याचा हिशेबही चुकीचा म्हणता येणार नाही. उकिरडा, सोनखत, शेतात मेंढरे बसविणे हे शब्द याच हिशेबातले होत.

हा हिशेब विसकटू लागला तो कारखाने येण्यापूर्वीच. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मॅन हे मूळचे शेतकी-रसायनज्ञ. त्यामुळे कुळांच्या कर्जाबरोबर मातीही त्यांनी तपासली. १७७१ साली तेथील सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते; १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आले, आणि तेही विखुरलेल्या तुकड्यांत. अर्ध्या एकराच्या दूरच्या पट्टीवर खताची गाडी कोण नेणार? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने एकत्रीकरणाचा मार्ग दाखविला खरा, परंतु या भागात जमिनीचे भवितव्य शेतीच्या कायद्याने ठरावयाचे नव्हते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली.

पवनेच्या वरच्या अंगाचे रावेत आज याच महानगरपालिकेत मोडते. तेथील बंधाऱ्यावरून शहरास पाणी जाते; काठच्या शिवारात गृहसंकुले उभी आहेत. जुन्या भाषेत सांगावयाचे तर काळीवर पांढरी पसरली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांवर ओला कचरा जागीच जिरविण्याचे बंधन घातले. खत होते, ते पोचवावयास लगतची काळी मात्र फारशी उरलेली नाही. हे नवे सोनखत चार कुंड्यांत संपत नाही, ही संकुलांची नित्याची अडचण आहे.

मातीबरोबर मधमाश्यांचाही विचार करावा लागतो, कारण बांधावरचे कारळे, तूर, कांद्याचे बियाणे ही त्यांच्याच येरझारांवर अवलंबून असलेली पिके. मराठीत त्यांची नावे त्यांच्या वस्तीचा आणि स्वभावाचा भेद नेमका दाखवितात : झुडपात एकच लहान पोळे करणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत वा वारुळात अनेक पोळी बांधणारी सातेरी, उघड्यावर भले मोठे पोळे टांगणारी तापट आग्या. पेटीत पाळता येते ती यांपैकी सातेरी. १९६२ मध्येच, म्हणजे औद्योगिक महामंडळाच्याच वर्षी, खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुण्यास मध्यवर्ती मधमाशी संशोधन संस्था स्थापिली. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही; पण एकाच जिल्ह्याच्या दोन वाटा त्या एका वर्षात दिसतात.

आग्येने नव्या पांढरीशी जुळवून घेतले आहे. पूर्वी ती कड्यावर किंवा उंच वडावर असे. आता पुणे-पिंपरीच्या उंच इमारतींच्या सज्जांखाली तिची मोहोळे लोंबतात आणि रहिवासी धूर घेऊन धावतात. सातेरीस मात्र ढोली लागते. बांध सपाट करताना जुनी झाडे पाडली जातात, तेव्हा ढोलीही त्यांबरोबरच जाते.