दर दोन तासांनी एक कूस

आपल्या भाषेने पाठीच्या आधाराने केवढा संसार मांडला आहे! अडचणीत जो मदतीला येतो तो पाठीशी उभा राहतो, जो टाकून जातो तो पाठ फिरवतो. धाकटे भावंड पाठचे असते. दिवसभर राबलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकतो. आणि ज्याच्याकडून ठाम शब्दाची आशा उरलेली नसते, त्याला कणाच नाही असे आपण म्हणतो. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे या अलंकारिक कण्याशी माझी जुनी ओळख आहे. पण आज बोलायचे आहे ते खऱ्याखुऱ्या, हाडामांसाच्या कण्याबद्दल. तो मोडला तर माणसाचे काय करायचे, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी काय उत्तर दिले, त्याची ही गोष्ट आहे.

जन्मतः आपल्या कण्यात 33 मणके असतात. पुढे खालचे काही जुळून एक होतात. या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत एक नाजूक दोर उतरतो, तो मज्जारज्जू. हात उचल, पाय टाक, हे निरोप त्यातूनच खाली जातात. चटका बसला, काटा रुतला, या खबरा त्यातूनच वर येतात. आता निसर्गाचा न्याय पाहा. मोडलेले हाड पुन्हा सांधते. तुटलेला मज्जारज्जू सांधत नाही. पुढची सगळी गोष्ट या एका फरकातून घडली आहे.

इजिप्तमधल्या लक्सर इथे 1862 साली एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने एक जुना पपायरस विकत घेतला. तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा असून त्याहूनही जुन्या ग्रंथाची नक्कल आहे. जेम्स ब्रेस्टेड या अभ्यासकाने 1930 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात जखमी माणसांची 48 प्रकरणे आहेत. प्रत्येक ठिकाणी वैद्य आधी तपासतो आणि मग निवाडा देतो. निवाडे तीन : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंज देईन, आणि यावर उपचार करायचा नाही. मानेचा मणका निखळलेला एक माणूस त्यात आहे. त्याला हातापायांचे भान नाही, लघवी नकळत ठिबकते आहे. वैद्याची नजर किती अचूक! पण निवाडा तिसरा.

आपल्या आयुर्वेदातही रोगांची अशीच वर्गवारी आहे. साध्य, याप्य आणि असाध्य. आमच्या घरच्या बोलीत असाध्यला ‘लाइलाज’ म्हणतात. शब्द कुठल्याही भाषेतला असो, तो ऐकल्यावर घरात पसरणारी शांतता सारखीच. यातला मधला शब्द, ‘याप्य’, तेवढा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्या तिसऱ्या निवाड्याने पुढे हजारो वर्षे राज्य केले. ग्रीसमध्ये वाकलेला कणा सरळ करण्यासाठी रोग्याला शिडीला बांधून उंचावरून दणकन खाली सोडत. गर्दी जमवण्यापलीकडे यातून फारसे काही साधत नाही, असे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथानेच बजावले आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्लंडचा नौसेनापती नेल्सन याच्या खांद्यातून शिरलेली गोळी कण्यात जाऊन रुतली. छातीखाली आपल्याला काही जाणवत नाही, हे त्याने स्वतःच शल्यविशारद बीटी यांना सांगितले. बीटींना आपला नाइलाज कबूल करावा लागला. सुमारे तीन तासांत नेल्सन गेला. त्या दिवशी ज्याच्या आरमाराचा विजय झाला, त्याच्यासाठीही निवाडा तोच होता.

पहिल्या महायुद्धातही कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. पण ते मोडलेल्या कण्याने मरत नव्हते. आपण झोपेतसुद्धा नकळत कूस बदलतो, कारण अंग अवघडल्याची खबर मेंदूला पोचते. ज्याची खबरच पोचत नाही तो तासन्‌तास तसाच पडून राहतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि जखम होते. तिला शय्याव्रण म्हणतात. मूत्राशय रिकामे होत नाही, त्यात जंतू वाढतात आणि मूत्रपिंडापर्यंत चढतात. माणूस दगावत होता तो या दोन कारणांनी, आणि ही दोन्ही टाळता येण्यासारखी होती.

हे ओळखून कामाला लागलेल्या डॉक्टरांचे नाव लुडविग गुटमन. जन्म 1899 चा, त्या वेळच्या जर्मनीत. 1917 साली एका इस्पितळात मदतनीस म्हणून काम करताना त्यांनी कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार पाहिला. हा फार दिवसांचा सोबती नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. काही आठवड्यांत तो जंतुसंसर्गाने गेलाही. गुटमन पुढे मज्जासंस्थेचे नामांकित डॉक्टर झाले. पण ते ज्यू होते. 1933 मध्ये नाझींच्या राजवटीत त्यांची नोकरी गेली आणि 1939 मध्ये कुटुंबासह इंग्लंड गाठावे लागले. तिथे 1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडेव्हिल या ठिकाणी जखमी सैनिकांसाठी 26 खाटांचा विभाग त्यांच्या हाती आला.

तिथे त्यांनी केले काय? कुठले नवे औषध नाही की अचाट शस्त्रक्रिया नाही. त्यांचा पहिला हुकूम असा : प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. दिवसा आणि रात्रीही. दुसरा, मूत्राशयाची काटेकोर स्वच्छता. आणि तिसरा, अंथरुणात पडून राहायचे नाही. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन, काहीतरी शिकायचे. 29 जुलै 1948 रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते, त्याच दिवशी या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या 16 जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तिथे आहे.

या गोष्टीत आपलीही माणसे आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. भारताचे ते पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्ण. पद्मश्री मात्र 2018 मध्ये मिळाली. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना 1954 मध्ये मोटार अपघातात असेच अपंगत्व आले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे वेल्लोरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला.

मग शस्त्रक्रियेचे काय? तिनेही मोठी मजल मारली. अमेरिकेत पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने कणा वाकलेल्या मुलांसाठी पोलादी दांडी बसवण्याची रीत काढली आणि 1962 मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे मणक्यात बसणारे स्क्रू आले, एमआरआय आला. आज शल्यविशारद मज्जारज्जूवरचा दाब काढतात, मोडका कणा स्थिर करतात, आणि हे लवकर झाले तर रोगी लवकर उठून बसतो. पण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणे आजही कुणाला साधलेले नाही.

म्हणून पहिली काळजी आपल्याच हाती आहे. झाडावरून, गच्चीवरून पडलेल्या किंवा रस्त्यावर अपघात झालेल्या माणसाला आपण दोघे-तिघे हातापायांना धरून उचलतो आणि रिक्षात कोंबतो. हेतू चांगलाच असतो. पण मोडलेला मणका त्या हिसक्याने सरकतो आणि शाबूत असलेला मज्जारज्जू चिरडू शकतो. पाण्याचा, आगीचा किंवा वाहनांचा धोका नसेल तर त्याला हलवू नये. मान आणि धड एका रेषेत राहतील असे पाहावे आणि 108 ला फोन करावा.

आता त्या मधल्या शब्दाकडे येऊ. याप्य म्हणजे पुरता बरा न होणारा, पण उपचार चालू ठेवले तर सांभाळून नेता येणारा. गुटमन यांनी मोडलेला कणा बरा केला नाही. त्यांनी तो असाध्यच्या रकान्यातून काढून याप्यच्या रकान्यात नेऊन ठेवला, आणि त्या दोन रकान्यांमध्ये माणसाचे अख्खे आयुष्य मावले. आज कितीतरी घरांत कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा पाठचा भाऊ रात्री गजर लावून उठतो, आपल्या माणसाला अलगद कुशीवर वळवतो आणि पुन्हा दोन तासांसाठी आडवा होतो. त्यांच्या या कामाला आपण सेवा म्हणतो, पुण्य म्हणतो. ते उपचार आहेत, हेही आता म्हणायला हवे.