वंध्यत्व आणि मानसिक आधार

वंध्यत्व ही प्रजननसंस्थेची व्याधी असली, तरी तिचा मोठा भार मानसिक व सामाजिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, बारा किंवा अधिक महिने गर्भनिरोधकाविना नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व होय. संघटनेच्या इ.स. २०२३ च्या अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो.

सामाजिक भार

वंध्यत्वाचे कारण स्त्रीमध्ये, पुरुषामध्ये किंवा दोघांमध्येही असू शकते. काही वेळा तपासण्यांतूनही ते सापडत नाही. तरीही महाराष्ट्रात ‘वांझ’ हे दूषण स्त्रीच्याच वाट्याला येत आले आहे. पुरुषाला फार तर ‘निपुत्रिक’ म्हटले जाते, आणि त्या शब्दात दोषारोपापेक्षा कणवच अधिक असते. ओटीभरण, डोहाळजेवण, बारसे अशा प्रसंगी मूल नसलेल्या स्त्रीला टाळले जाते, किंवा अवघड प्रश्नांच्या भीतीने ती स्वतःच जाणे टाळते. वीर्यतपासणी ही सोपी व तुलनेने कमी खर्चाची चाचणी आहे. मात्र पती तिला तयार होण्यापूर्वीच पत्नीच्या अनेक तपासण्या उरकलेल्या असणे असामान्य नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना अपत्य नव्हते. जोतीरावांनी त्यासाठी दुसरा विवाह केला नाही. या दांपत्याने काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले.

ताण आणि उपचार

मासिक पाळी आली की आशा मावळते, आणि हे चक्र दरमहा चालू राहते. बाह्यफलन उपचारात गर्भाशयात भ्रूण सोडल्यानंतर रक्तचाचणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे अनेकांना इंजेक्शनांपेक्षाही कठीण वाटतात. अशा वेळी ‘ताण घेऊ नका, म्हणजे दिवस राहतील’ हा सल्ला हमखास मिळतो. त्यातून अपयशाचा दोष रुग्णाकडेच जातो. इ.स. २०११ मध्ये जॅकी बॉयविन व सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. उपचारापूर्वीच्या भावनिक ताणामुळे त्या उपचारचक्रात गर्भधारणेची शक्यता घटते, असे त्यात आढळले नाही. अर्थात ताणावर उपाय करणे आवश्यकच असते, परंतु ते रुग्णाच्या स्वास्थ्यासाठी.

आधारगट व समुपदेशन

अमेरिकेत बार्बरा एक मेनिंग या परिचारिकेने इ.स. १९७४ मध्ये ‘रिझॉल्व्ह’ ही संस्था स्थापन केली. समदुःखी व्यक्तींनी एकत्र बसून बोलणे हा तिच्या कार्याचा गाभा होता. अशा गटात अनुभव पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. मात्र गटातील एखादीला दिवस गेल्यावर इतरांना आनंद आणि असूया एकाच वेळी वाटू शकतात. हे मोकळेपणी मान्य करणारे गट अधिक टिकतात. दुसऱ्याच्या औषधयोजनेचे अनुकरण करणे मात्र धोक्याचे असते.

भारतात साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार उपचारांचे परिणाम व यशाची शक्यता यांविषयी व्यावसायिक समुपदेशन पुरवणे केंद्रांवर बंधनकारक आहे. उपचार थांबवण्याचा निर्णय घेतानाही या समुपदेशनाची गरज भासते. त्यानंतर काही जोडपी दत्तक घेतात, काही अपत्याविना जगणे स्वीकारतात. ‘दत्तक घेतले की स्वतःचे मूल होते’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.