तोरण्याची धार आणि २३ मावळे

शिरूर-दौंडकडची आम्ही माणसं सपाटीची. घोड आणि भीमेच्या काठी ऊस-कांदा बघत वाढलेली. गेल्या डिसेंबरात शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी तोरणा ते राजगड चालत जायचं ठरवलं, तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला मी 'येतो' म्हणालो, ते जरा फुशारकीतच.

वेल्ह्यातून बिनी दरवाजा, कोठी दरवाजा इथवर दम लागला, पण निभावलं. तोरणा १४०३ मीटर उंच. खरी परीक्षा बुधला माचीच्या पुढे सुरू झाली. उतरायला कातळ, पायाखाली घसारा आणि दोन्ही अंगांना दरी. पुढे राजगडाच्या संजीवनी माचीपर्यंत जाणारी डोंगराची धार काही ठिकाणी इतकी अरुंद, की एकामागून एकच चालावं लागतं. वाळल्या गवतावरून बूट सरकतात. मी चक्क बसून, हात टेकत उतरत होतो. मागून पुण्याच्या तरुणांचा एक गट आला. त्यातल्या एकाने हात दिला, नाव विचारलं. मी सांगितलं. तो हसून म्हणाला, "म्हणजे सर, हा गड तुमच्याच लोकांनी घेतला होता की!"

त्याच्या बोलण्यात विखार नव्हता. माझा हातही त्याने सोडला नव्हता. पण मला उत्तर सुचलं नाही. त्या वेळी सगळं लक्ष पुढचं पाऊल कुठे ठेवायचं यात होतं. घरी आल्यावर मात्र कपाटातली पुस्तकं काढली.

इतिहास असा. शिवाजी महाराजांनी १६४६ च्या सुमारास आदिलशाहीकडून तोरणा घेतला. पुढे औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला आणि म्हातारपणी एकेका मराठी किल्ल्याच्या मागे लागला. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड त्याच्या हाती आला. लगेच त्याने तोरण्याला वेढा घातला. त्या काळात बरेचसे किल्ले पैसे देऊन, बोलणी करून मिळवले जात. तोरणा तसा मिळाला नाही. १० मार्च १७०४ च्या रात्री अमानुल्लाखान दोराच्या शिडीने गुपचूप तट चढला आणि वर पोचल्यावर त्याने कर्णा फुंकला.

त्याच्यासोबत किती माणसं होती? जदुनाथ सरकार फारसी साधनांच्या आधारे लिहितात, फक्त २३. आणि ती कोण? मावळे पायदळाची.

हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ज्या धारेवर मी बसून सरकत होतो, ती अंधारात चढू शकतील अशी माणसं बादशहाच्या छावणीत दुसरी कुठून येणार? असे कडे मावळ्यांच्याच पायाखालचे. ते मोगलांच्या पगारावर का गेले असतील? युद्ध वीस वर्षांहून जास्त चाललेलं, दख्खनेत दुष्काळ आणि रोगराई, घरी खाणारी तोंडं. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यामुळे त्यांच्या मनातलं आपण ठरवू नये. वर गड राखणारेही याच मुलखातले. त्या रात्री एकाच मातीची माणसं तटाच्या दोन्ही बाजूंना होती.

दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या पायदळाचे सरनोबत म्हणून नूरबेगाचं नाव येतं. म्हणजे स्वराज्याच्या पायदळाच्या माथ्यावर एक मुसलमान होता आणि औरंगजेबासाठी तट चढणारे मावळे होते. 'तुमचे' आणि 'आमचे' अशी वाटणी करायला बसलो, तर ही माणसं कुठल्या रकान्यात लिहायची?

याचा अर्थ औरंगजेबाची मोहीम चांगली होती असा नाही. एका मुलखाची दाणादाण उडवणारी ती स्वारी होती. आपल्यातले काहीजण केवळ नावामुळे त्याची वकिली करतात. मला ते पटत नाही. त्याच्या कृत्यांचा जबाब दौंडच्या मास्तराने द्यायचा नसतो, तसाच त्याच्या विजयाचा वाटाही मागायचा नसतो.

गड घेतल्यावर बादशहाने त्याचं नाव ठेवलं 'फुतूहुल-गैब'. फुतूह म्हणजे विजय, आणि गैब म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही ते. उर्दू शिकवणाऱ्याला हे नाव लगेच ओळखीचं वाटतं. ज्यांच्या नावाने आपल्याकडे ग्यारवी होते, त्या शेख अब्दुल कादिर जिलानींच्या प्रवचनांच्या ग्रंथाचं हेच नाव. स्वतःच्या नफ्सला, अहंकाराला आवर घाला, असं सांगणाऱ्या सूफीच्या ग्रंथाचं नाव किल्ल्याला लागलं, आणि टिकलं नाही. १७०७ मध्ये बादशहा वारला, थोड्याच काळात गड पुन्हा मराठ्यांकडे आला. आज वेल्ह्यात फुतूहुल-गैबची वाट विचारली तर कुणी सांगू शकणार नाही. तोरणा म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं.

तो तरुण पुन्हा भेटला तर त्याला एवढंच सांगेन : बाळा, तू म्हणालास ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्या २३ जणांकडे आहे. आणि हो, त्या दिवशी हात दिलास, त्याबद्दल शुक्रिया. तेव्हा म्हणायचं राहून गेलं.